कढईतून नाग नदीत

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दारात रांगोळी काढून मी आत गेले. तासाभरानं बाहेर आले, तर अर्धी रांगोळी वाहून गेलेली. फाटकाजवळच्या चेंबरचं झाकण कडेनं उचललं गेलं होतं आणि करडं पाणी अंगणात शिरत होतं. त्यावर तेलाचा तवंग होता. वास आंबलेला होता, पण ओळखता येत होता. आठवडाभर घरोघरी तळलेल्या चकल्या-शेवेचा तो वास होता. सवयीनं फोन हातात घेतला आणि मग आठवलं, की ज्यांना फोन करायचा ते आता येणार नाहीत. आमच्या गल्लीची गडरलाईन पंचवीस वर्षं सांभाळणारे सफाई कामगार, ज्यांना सारी गल्ली मामा म्हणायची, ते उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी गेले. मी तक्रार नोंदवली. मशीन आलं ते भाऊबीज उलटून गेल्यावर. तोवर दारात विटा मांडून आम्ही त्यांवरून ये-जा करत होतो, आणि मामांचं एकच वाक्य मला राहून राहून आठवत होतं: "बाई, तेल वरच अडवा. खाली आलं की ते कोणाच्या बापाला ऐकत नाही."

त्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे समजायला थोडं मागं जायला हवं.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेलं. मोरीचं पाणी उघड्या नालीत जायचं. त्या नालीचं कौतुक मी करणार नाही. डास होते, दुर्गंधी होती. पण त्या नालीत तेल नव्हतं, कारण तेल टाकून देण्याची वस्तूच नव्हती. सांबारवडी तळून उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीत जायचं. तळाचा काळा गाळ दाराच्या बिजागऱ्यांना, विहिरीच्या रहाटाला लागायचा. ताट भाकरीच्या शेवटच्या घासानं पुसलेलं असायचं. भांडी चुलीच्या राखेनं घासली जात. राखेतला क्षार तेलाला धरतो, आणि तो चिखल आजी पाण्यात न सोडता परसातल्या झाडाबुडी टाकायची. घरात जवसाचं तेल होतं. विदर्भातल्या घाणीवरचं, उग्र वासाचं. कोष्टी वस्त्यांमधल्या सावजी रश्श्याला त्याचीच चव. हे तेल हवा लागली की वाळून पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण मोरीच्या दगडावर जवसाचं तेल सांडू द्यायचं नाही, हे ठाऊक होतं.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. चुली गेल्या, गॅस आले, राख संपली. पश्चिम नागपुरात ले-आऊट पडले, गडरलाईनी जमिनीखाली गेल्या आणि सांडपाणी डोळ्यांआड झालं. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. तेल स्वस्त झालं आणि तळण रोजचं झालं. त्याच सुमारास लग्नानंतरचा आमचा संसार महालातून इकडे, या गल्लीत आला. आठ बंगले, प्रत्येकी एक कुटुंब, आणि सगळ्यांना मिळून सहा इंची स्टोनवेअर पाइप. तो पाइप आठ घरांना पुरत होता.

मला बोलायचंय ते २००५ ते २०१५ या दहा वर्षांबद्दल. माझ्या मते या शहरानं आपली गडरलाईन याच काळात हातची घालवली, आणि तेही तिच्यावर सर्वाधिक पैसा खर्च होत असताना.

गल्लीतल्या आठपैकी तीन बंगल्यांत त्या दशकात स्वयंपाकघरं उघडली. आधी क्लासच्या मुलांसाठी मेस, मग एक पोळी-भाजी केंद्र, शेवटी कोपऱ्यावरचं हॉटेल. दिवसाला चारशे-पाचशे ताटं त्याच सहा इंची पाइपात धुतली जाऊ लागली. मुलं जेवत होती, बायकांना काम मिळत होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्या तिन्हींपैकी एकाकडेही तेल अडवणारी टाकी, म्हणजे ग्रीस ट्रॅप, नव्हती. ग्रीस ट्रॅप ही काही मोठी यंत्रणा नाही. सिंकमधून निघालेलं पाणी एका बंद टाकीत थोडा वेळ थांबवायचं. तेल हलकं म्हणून वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं, आणि मधलं पाणी खालून घेतलेल्या पाइपानं पुढं जातं. वरचा थर ठरावीक दिवसांनी काढायचा. विजेची गरज नाही. गवंड्याला दोन दिवसांचं काम.

ती टाकी नसली तर काय होतं, हे मी २००९ च्या डिसेंबरात पाहिलं. मामांनी बांबूच्या कमच्या आत सारल्या आणि तासभर झुंजून जे ओढून काढलं, ते खोबऱ्याच्या वडीसारखं पांढरं, टणक आणि हातभर लांब होतं. "हा गाळ नाही," ते म्हणाले. "हे कढईतलं आहे." गरम पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं तेल नाहीसं होत नाही. ते बारीक थेंबांत फुटतं, पुढं वाहत जातं, आणि पाइप थंड लागला की पुन्हा एकत्र येतं. त्यातली मेदाम्लं पाण्यातल्या आणि सिमेंटमधल्या कॅल्शियमला धरून कडक साबण तयार करतात. तो पाइपाच्या भिंतीवर थरावर थर चढत जातो. नागपूरच्या थंडीत हे लवकर होतं. म्हणून आमची लाईन दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत तुंबायची.

मी हॉटेलमालकाकडे गेले. तो म्हणाला, "आमचं फक्त धुण्याचं पाणी जातं, तेल कुठं?" मी त्याच्या सिंकखालच्या पाइपातून काचेची बरणी भरून घेतली आणि रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी वर बोटभर पिवळा थर जमला होता. ती बरणी घेऊन मी एका कार्यालयात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी बरणी बाजूला सरकवली आणि हे गल्लीतलं भांडण आहे, असं सांगितलं. मी त्यांना नियम दाखवला. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ नुसार सार्वजनिक गडरात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागं २० मिलिग्रॅमच्या वर असू नये. माझ्या बरणीतलं तेल मोजायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही. आज सोळा-सतरा वर्षांनीही मला त्या सरकवलेल्या बरणीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

राग अधिक यासाठी, की हे घडत होतं ते नागपुरात. सांडपाण्याचं शास्त्र देशाला शिकवणारी नीरी इथलीच. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून इथं सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तेलाचं शास्त्र शिकवणारी लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून इथं आहे. तेल आणि सांडपाणी, दोन्ही जाणणारी माणसं याच शहरात रोज कामाला जात होती. तरी एका हॉटेलाच्या सिंकखाली एक टाकी बसवून घेणं शहराला जमलं नाही.

त्याच दशकात पैसा आला. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं आणि नागपूर त्यात होतं. नकाशे, सर्वेक्षणं, नवे पाइप, भांडेवाडीतली सांडपाणी प्रक्रिया केंद्रं. पुढं दिवसाला १३० आणि २०० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रं तिथं उभी राहिली आणि शुद्ध केलेलं पाणी औष्णिक वीज केंद्रांकडे जाऊ लागलं. हे काम मोठं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्या वर्षांतल्या नागरिकांच्या एका बैठकीत मी विचारलं होतं, की पाइप नवे टाकाल, पण तेल कोण अडवणार? "ते नंतर बघू," असं उत्तर मिळालं. ते नंतर कधी आलं नाही. तेल मात्र भांडेवाडीपर्यंत पोचतं. तिथं सांडपाणी खाणाऱ्या जिवाणूंच्या पुंजक्यांवर त्याचा लेप बसतो, त्यांना प्राणवायू मिळत नाही आणि टाक्यांवर चिकट फेस चढतो. वर न अडवलेल्या तेलाची किंमत खाली वीज जाळून द्यावी लागते.

आणि ती किंमत माणसं जाळूनही द्यावी लागते. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ मध्ये आला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गडरात जीव गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरणं थांबली नव्हती. तुंबलेल्या लाईनीत हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि एका श्वासात माणूस आडवा होतो. मामा स्वतः दोनदा चेंबरमध्ये उतरले होते. एकदा वर आल्यावर ते आमच्या ओट्यावर बराच वेळ डोकं धरून बसले, चहाही घेतला नाही. त्या दिवशी खाली काय अडकलं होतं, हे मी पाहिलं होतं. तेच पांढरं, खोबऱ्याच्या वडीसारखं.

नंतरच्या वर्षांत रस्ता सिमेंटचा झाला, घरं रस्त्याच्या खाली गेली, दोन चेंबर गट्टूंखाली दडले. सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गडरात २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा खडक सापडल्याची बातमी आली. त्याचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयात मांडला गेला. आमच्याकडे तसे तुकडे दर हिवाळ्यात निघत होते. ते रस्त्याच्या कडेला पडून वाळायचे.

आज परिस्थिती बदलायला हवी, कारण साधनं आली आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावर मर्यादा घातली: त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आहे. ते तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना २०१८ पासून आहे. म्हणजे कढईतल्या तेलाला बाजार आहे आणि कायदाही आहे. शहराचं सांडपाणी जिच्यात मिसळतं त्या नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या मदतीनं सुमारे १,९०० कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. पण सिंकमधून जाणारं तेल अजूनही कोणाच्याच वहीत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ग्रीस ट्रॅप बसवल्याचं आणि तो साफ केल्याचं दाखवल्याशिवाय एकाही हॉटेलाचा, मेसचा, मंगल कार्यालयाचा परवाना नव्यानं मिळू नये. सावजी भोजनालय असो की मोठं हॉटेल, नियम एकच. तर्रीवर माझं कोणापेक्षा कमी प्रेम नाही. ती ताटात शोभते. तपासणीला महिन्यातून एक माणूस आणि एक काचेची बरणी पुरेल.

घरच्यांसाठी काम त्याहून सोपं आहे. तळणाचं उरलेलं तेल बाटलीत भरून ठेवा, ओतून देऊ नका. आणि कढई नळाखाली धरण्याआधी जुन्या कागदानं एकदा पुसून काढा. तो कागद कचऱ्यात जाईल, त्यासाठी कोणाला चेंबरमध्ये उतरावं लागणार नाही.