इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक : सुरक्षित हाताळणी आणि अचूक मापन

जबलपूर येथे १९८९ पासून तणविज्ञानाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था कार्यरत असून आज ती तण संशोधन संचालनालय या नावाने ओळखली जाते. फवारलेल्या तणनाशकाचा किती अंश माती, पाणी व धान्यात उरतो, हा तेथील संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे. ब्युटाक्लोर, पेंडीमेथॅलीन, ऑक्सिफ्लुओरफेन यांसारख्या रसायनांचे अवशेष बहुधा दशलक्षांश भागाहूनही कमी असतात. इतक्या सूक्ष्म मापनासाठी गॅस क्रोमॅटोग्राफला इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक, म्हणजेच ईसीडी, जोडला जातो. १९५७ च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी तो विकसित केला आणि डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा अंश कोठवर पोहोचला आहे, हे जगाला प्रथमच मोजता आले.

शोधकाच्या कोठीत निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचा पातळ थर असतो. त्यातून निघणारे बीटा कण नायट्रोजन वायूवर आदळून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. क्लोरीन, फ्लोरिन किंवा नायट्रो गट असलेले रेणू हे इलेक्ट्रॉन टिपून घेतात. घटलेला विद्युत्प्रवाह पूर्ववत राखण्यासाठी उपकरण विद्युत्स्पंदांची वारंवारिता वाढवते. ही वाढ आलेखावर शिखराच्या रूपाने दिसते.

अडचण अशी की प्राणवायू आणि बाष्पही शोधकाच्या कामात व्यत्यय आणतात. म्हणून नायट्रोजन ९९.९९९ टक्के शुद्ध हवा आणि त्याच्या मार्गात बाष्प व प्राणवायू शोषणाऱ्या नळ्या हव्यात. जबलपूरच्या पावसाळी दमट हवेत सिलिंडर बदलताना नळी क्षणभर उघडी राहिली, तरी आधाररेषा वर सरकू शकते. रोज सकाळी नमुना देण्यापूर्वी आधाररेषेची पातळी वहीत नोंदवावी. हे काम कंटाळवाणे खरे. पण बिघाडाची पहिली सूचना तेथेच मिळते. पातळी चढत असेल तर आधी गळती तपासावी, मग शोषक नळ्या. त्यानंतरही फरक न पडल्यास स्तंभ काढून, शोधकाचे तोंड बंद करून, पूरक वायू चालू ठेवून शोधक रात्रभर तापवावा. मात्र उत्पादकाने दिलेली तापमानमर्यादा ओलांडू नये. एरवी शोधकाचे तापमान स्तंभाच्या अंतिम तापमानाहून २० ते ३० अंश अधिक ठेवावे, म्हणजे जड घटक कोठीत साचत नाहीत.

डायक्लोरोमिथेनमध्ये काढलेला अर्क थेट देऊ नये. विद्रावकातील क्लोरीनच शोधकाला संपृक्त करते. तो हेक्झेनमध्ये आणावा. प्लास्टिकच्या बाटल्या व नळ्यांतून येणारे थॅलेट अधिक फसवे असतात. त्यांचे शिखर एखाद्या कीटकनाशकाच्या जागी उमटले, तर निर्दोष धान्याचा लॉट दूषित ठरतो आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. म्हणून प्रत्येक गटासोबत कोरा नमुना चालवावा आणि शिखराची खात्री वेगळ्या ध्रुवीयतेच्या दुसऱ्या स्तंभावर किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर केल्याशिवाय अहवाल देऊ नये. ईसीडी पदार्थाची ओळख पटवत नाही, इलेक्ट्रॉन टिपले गेले एवढेच सांगतो.

किरणोत्साराची भीती अनेक विद्यार्थ्यांना वाटते. ती अंशतः अनाठायी आहे. निकेल-६३ चे बीटा कण दुर्बल असून कोठीची धातूची भिंत त्यांना पूर्णपणे अडवते. खरा धोका हा धातू श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा आहे. म्हणून कोठी प्रयोगशाळेत कधीही उघडू किंवा खरवडू नये, बाहेर पडणारा वायू नळीने इमारतीबाहेर किंवा धूरकक्षात सोडावा आणि ठरलेल्या मुदतीत पुसणी चाचणी करून गळती नाही याची नोंद ठेवावी. या चाचणीत कोठीचा बाह्यभाग व वायूचे निर्गमद्वार ओल्या फडक्याने पुसून त्या फडक्यावरील किरणोत्सार मोजतात.

निकेल-६३ चा अर्धायुकाल सुमारे १०० वर्षे आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ निकामी झाला तरी स्रोत जिवंतच असतो. २०१० मध्ये दिल्लीतील एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने विकिरण-यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले आणि त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्टचा तो स्रोत ईसीडीच्या स्रोताहून कितीतरी प्रबळ होता, पण चूक घडण्याची वाट तीच आहे. जुन्या यंत्राच्या निर्लेखनाची यादी करताना शोधक आधी वेगळा नोंदवावा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार तो उत्पादकाकडे परत पाठवल्याचा कागद हाती आल्यावरच उरलेले यंत्र भांडारातून बाहेर सोडावे.