खांब चिरडत नाही, वाकतो!

पाटण : कोयनेची वीज वाहून नेणाऱ्या मनोऱ्यांचे पाय जागोजागी आडव्या-तिरप्या अँगलनी बांधलेले असतात. वरवर पाहता हे अँगल जादा पोलाद वाटावे. पण तेच काढले, तर मनोरा उभा राहणार नाही.

लांब, सडपातळ पोलादी खांब वजनाने चिरडला जात नाही. पोलादाची ताकद शिल्लक असतानाच तो एकाएकी बाजूला वाकतो. यालाच अभियंते ‘बकलिंग’ म्हणतात. याचे गणित ऑयलर या स्विस गणितज्ञाने १८व्या शतकातच मांडले. ५० मिलिमीटर व्यासाची, ३ मीटर उंचीची भरीव सळई घ्या. साध्या पोलादाच्या ताकदीनुसार तिने सुमारे ५० टन पेलायला हवेत. दोन्ही टोके बिजागरीसारखी फिरती असतील, तर ती जेमतेम ७ टनांखालीच वाकते. उंची दुप्पट केली की क्षमता चौथाईवर येते. याउलट मध्यावर आडबंध दिला, तर ती चौपट होते. तेवढ्याच वजनाचे पोलाद रुंद पाइपच्या रूपात वापरले, तरी खांब कित्येक पट भार पेलतो, कारण पोलाद मध्यापासून दूर जाते. मात्र पाइपचा पत्रा फार पातळ झाला, तर तोच चुरगळतो.

कॅनडातील क्वेबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम सुरू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार ठार झाले. दाबाखालच्या भागांना जोडणारी जाळी कमकुवत होती. ते भाग वाकू लागल्याचे आधी दिसलेही होते.

म्हणूनच ‘आयएस ८००’ या भारतीय संहितेच्या २००७च्या आवृत्तीत कायम भार पेलणाऱ्या खांबाच्या सडपातळपणाला १८० ची मर्यादा आहे. वरील सळईचा आकडा २४० भरतो! शिवाय कारखान्यातून आलेला कोणताही खांब अगदी सरळ नसतो. ही वक्रता संहितेने हिशेबात धरली आहे.

पाटण तालुक्यात हा विषय पुस्तकी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. भूकंपात छप्पर बाजूला सरकते, तेव्हा खांबावरचे वजन मध्यरेषेवरून ढळते आणि तेच वजन त्याला आणखी वाकवू लागते. शेडमध्ये ट्रॅक्टर शिरावा म्हणून तिरपा अँगल कापून टाकला, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. खांब मात्र त्या घडीपासून तेवढा भार पेलण्याजोगा राहिलेला नसतो.