बहुफलकांची सजावट आणि वाराणसीतील मिश्रधातू

संगणकाच्या पडद्यावर वीस त्रिकोणांची घनाकृती तयार करणे, ती फिरवून पाहणे आणि तिचे प्रत्येक पृष्ठ निराळ्या रंगाने भरणे आज शाळकरी मुलांनाही सहज जमते. मात्र, याच आकृतीचा विचार करीत वाराणसीतील धातुशास्त्रज्ञांनी १९८५ साली एका नव्या प्रकारचा पदार्थ तयार केला होता. त्या संशोधनात बहुफलकाची 'सजावट' हा शब्द रंगकामापुरता मर्यादित राहत नाही.

आकृती कशी तयार होते?

सपाट पृष्ठांनी सर्व बाजूंनी वेढलेल्या घनाकृतीला बहुफलक म्हणतात. संगणकाला ती रेखाटता येत नाही. त्याला केवळ बिंदूंची यादी समजते. ०, १ आणि १.६१८ हे तीन आकडे याच क्रमाने चक्राकार फिरवले आणि शेवटच्या दोहोंना धन व ऋण अशी दोन्ही चिन्हे दिली, की अवकाशातील बारा बिंदू मिळतात. सर्वांत बाहेरची सपाट पृष्ठे शोधून प्रणाली या बिंदूंवर जणू आवरण चढवते आणि विंशतिफलक साकारतो. १.६१८ हे अर्थातच सुवर्ण गुणोत्तर होय.

प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यावर एक बिंदू ठेवला तर वीस बिंदूंचा द्वादशफलक मिळतो. हे बारा आणि वीस बिंदू केंद्रापासून योग्य अंतरावर एकत्र मांडले, की समभुज चौकोनांची तीस पृष्ठे असलेली आकृती तयार होते.

ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट वेब यांची 'स्टेला' ही प्रणाली अशा आकृत्या रंगवते व कागदातून कापण्यासाठी त्यांचे आराखडेही छापून देते. जपानमध्ये विकसित झालेली 'वेस्टा' मात्र अणूंच्या स्थानांपासून आरंभ करते आणि एखाद्या अणूचे शेजारी जोडून त्याच्याभोवतीचा बहुफलक दाखवते.

वाराणसीतील तर्क

स्फटिकात अणूंची मांडणी ठरावीक अंतराने पुन:पुन्हा येते. नियमित पंचकोनी फरशा जमिनीवर फट न ठेवता बसवता येत नाहीत. तद्वत पंचपदरी सममितीचा स्फटिक असू शकत नाही, असे मानले जात असे. इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेख्तमन यांना ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत अॅल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत नेमकी तीच सममिती आढळली. त्यांचा निबंध नोव्हेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुव्यवस्थित, परंतु पुनरावृत्ती नसलेल्या अशा पदार्थांना 'क्वासिक्रिस्टल' हे नाव मिळाले.

असे पदार्थ आणखी कोठे सापडतील, हा त्यानंतरचा प्रश्न होता. बनारस हिंदू विद्यापीठातील पी. रामचंद्रराव आणि जी. व्ही. एस. शास्त्री यांनी अंदाजाने मिश्रधातू तपासण्याऐवजी भूमितीचा आधार घेतला. ज्या स्फटिकात विंशतिफलकीय पुंजके आधीच आहेत, तो मिश्रधातू वितळवून अतिवेगाने थंड केल्यास पुंजक्यांना नेहमीच्या चौकटीत बसण्यास वेळच मिळणार नाही, असा त्यांचा तर्क होता. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि जस्ताचा एक मिश्रधातू त्यांनी निवडला. त्याच्या स्फटिकाच्या एका घरात १६२ अणू असतात आणि ते एकात एक बसवलेल्या बहुफलकांच्या थरांत रचलेले असतात. तर्क खरा ठरला. १९८५ साली 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

यात एक विलक्षण योगायोग आहे. या स्फटिकाची रचना १९५७ साली बर्गमन, वॉ आणि लायनस पॉलिंग यांनी प्रसिद्ध केली होती. आणि क्वासिक्रिस्टलचे अस्तित्व नाकारण्यात पुढे हेच पॉलिंग आघाडीवर होते!

याच विद्यापीठातील संशोधकांनी बेल्जियममधील सहकाऱ्यांसह १९७८ साली अॅल्युमिनियम-पॅलेडियममधील एका नव्या रचनेची नोंद केली होती. तिचे नाते दशकोनी क्वासिक्रिस्टलशी आहे, हे अभ्यासकांच्या लक्षात पुढे आले.

सजावट म्हणजे काय?

क्वासिक्रिस्टलचा सांगाडा एकाच नव्हे, तर दोन प्रकारच्या तिरप्या ठोकळ्यांनी रचता येतो. एक उभट, दुसरा चपटा. दोहोंची सहाही पृष्ठे म्हणजे तोच समभुज चौकोन. या ठोकळ्यांच्या कोपऱ्यांवर, कडांवर आणि आत कोणता अणू कोठे ठेवायचा, याला स्फटिकशास्त्रज्ञ सजावट म्हणतात. वाराणसीत तयार झालेल्या मिश्रधातूसाठी अशी सजावट ख्रिस्तोफर हेन्ली आणि व्हीट एल्सर यांनी १९८६ साली सुचवली.

येथेच सावधगिरी आवश्यक ठरते. संगणक चुकीची सजावटही तितक्याच देखण्या स्वरूपात दाखवतो. त्यामुळे कल्पिलेल्या रचनेतून किरणांचे विवर्तन कसे होईल, याचे गणित मांडून ते प्रत्यक्ष नमुन्याच्या मोजमापाशी ताडून पाहावे लागते. पॉलिंग यांचा पर्यायही, म्हणजे जोडस्फटिकांमुळे पंचपदरी सममितीचा केवळ भास होतो हे मत, कागदावर असंभव नव्हता. तो मागे पडला तो मोजमापांमुळे. शेख्तमन यांना २०११ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ठोकळे घरीही करता येतात. ६३.४ अंशांचा लघुकोन असलेले समभुज चौकोन जाड कागदातून कापावेत आणि सहा-सहा चौकोनांचे दहा उभट व दहा चपटे ठोकळे चिकटवावेत. हे वीस ठोकळे नीट जुळले, की वर उल्लेखलेली तीस पृष्ठांची आकृती फट न राहता भरून निघते. कोपऱ्यांवर अणूंचे ठिपके मात्र जुळवणी करण्यापूर्वीच रंगवावेत, कारण आतले कोपरे नंतर दिसत नाहीत.