कन्सोल तापतोय? आधी उष्णतेची वाट मोकळी करा

एप्रिल लागला की आपल्या इंदुरात दोन आवाज वाढतात. एक कूलरचा, आणि दुसरा टीव्हीखाली ठेवलेल्या गेमिंग कन्सोलच्या पंख्याचा. कूलरची सगळ्यांना सवय असते. कन्सोलचा पंखा मात्र रात्री दहा वाजता मिक्सरसारखा फिरायला लागला की आजी आतून विचारते, "आत्ता कसलं वाटण काढलंय रे?" आणि खेळणारा टीव्हीचा आवाज आणखी वाढवतो.

मग एखाद्या रविवारी घरातली तरुण मंडळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. मागे जादा पंखा लावायचा, झाकणाला भोक पाडायचं, थर्मल पेस्ट बदलायची असे कितीतरी उपाय व्हिडिओंमध्ये दिसतात. त्यातले काही खरोखर चांगले आहेत, काही नुसतं मनाचं समाधान करतात, आणि एक-दोन तर यंत्र कायमचं बंद पाडू शकतात. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या किमतीच्या वस्तूला हात घालण्याआधी कोणता उपाय का चालतो, हे समजून घेतलेलं बरं. ओळखीपाळखीच्या घरांतले बरेच कन्सोल मी उघडून साफ केले आहेत. त्या अनुभवातून जे पटलं, ते इथे सांगतो.

उष्णता जाते कुठून?

मोठा गेम चालू असताना आजचा मोठा कन्सोल साधारण २०० वॅट वीज घेतो. ही वीज शेवटी उष्णताच होते, आणि तिचा मोठा भाग बोटाच्या पेराएवढ्या एका चिपमध्ये तयार होतो. तिथून या उष्णतेला खोलीपर्यंत पोहोचायचं असतं. वाट ठरलेली आहे: चिपमधून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकमध्ये, म्हणजे तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात, तिथून त्याच्या पातळ पात्यांमध्ये, पात्यांमधून पंख्याच्या हवेत आणि हवेबरोबर बाहेर.

यातली प्रत्येक पायरी थोडी अडवणूक करते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तांबं तिच्यापेक्षा जवळपास १५,००० पट चांगलं. चिपचा आणि हीटसिंकचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यात बारीक खड्डे असतात आणि त्यात हवा अडकते. ती हवा हटवून जागा भरणं, एवढंच पेस्टचं काम. पेस्ट स्वतः तांब्याच्या जवळपासही येत नाही, म्हणून तिचा थर पातळ हवा. पोळीवर तूप लावतो तितकाच, श्रीखंड वाढतो तसा नव्हे.

आता एक छोटं गणित. समजा, चिप १५० वॅट उष्णता सोडते आणि तिच्यापासून बाहेरच्या हवेपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक वॅटमागे तापमान ०.३ अंशाने वाढतं. म्हणजे चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापणार. खोली २५ अंशांवर असेल तर चिप ७० वर. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की चिप ८३ वर. आणि कन्सोल बंद काचेच्या टीव्ही युनिटमध्ये असेल, आतली हवा ५० अंश झाली असेल, तर चिप थेट ९५ वर. चिप तीच, पंखा तोच, पेस्टही तीच. बदलली ती फक्त आत येणारी हवा.

या गणितातून दोन गोष्टी कळतात. एक, कोणताही पंखा कन्सोलला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. दुसरी, वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा सोडून दुसरीकडे कितीही मेहनत केली तरी फरक पडत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्राम मंद चालला की आधी वेळ कुठे जातोय ते मोजतो आणि मगच कोडला हात लावतो. इथेही तसंच आहे. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत व्हायची.

तीन लाल दिव्यांचा धडा

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. हा कन्सोल २००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत बाजारात आला. काही काळाने लोकांच्या कन्सोलवर बटणाभोवतीचे तीन दिवे लाल व्हायला लागले आणि यंत्र बंद पडायला लागलं. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

त्या काळात हौशी मंडळींनी घरच्या घरी कितीतरी उपाय केले. या कन्सोलमध्ये ग्राफिक्सची चिप डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली होती, त्यामुळे तिच्यावरचा हीटसिंक बुटका ठेवावा लागला होता. जागा कमी, पाती कमी. म्हणून कुणी पंख्यांना थेट १२ व्होल्ट देऊन ते कायम पूर्ण वेगाने फिरवले. कुणी मागे तीन पंख्यांचा जोड लावला. कुणी बोर्डाखालची इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखी स्प्रिंगची पट्टी काढून त्याजागी बोल्ट आणि वॉशर घातले, म्हणजे हीटसिंक घट्ट बसेल. आणि सर्वांत अजब उपाय टॉवेलचा: कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून वीसेक मिनिटं चालू ठेवायचा. गंमत म्हणजे काही कन्सोल त्यानंतर खरोखर सुरू व्हायचे! पण थोड्या दिवसांत पुन्हा तेच तीन लाल दिवे.

असं का व्हायचं? एक्सबॉक्सच्या इतिहासावर २०२१ मध्ये आलेल्या माहितीपटात त्या वेळच्या अभियंत्यांनीच कारण सांगितलं. कन्सोल चालू केला की चिप तापून फुगायची, बंद केला की थंड होऊन आकसायची. हे शेकडो वेळा झालं की चिपच्या आतले सूक्ष्म जोड तडकायचे. टॉवेलच्या उष्णतेने तडकलेले जोड तात्पुरते एकमेकांना टेकायचे, इतकंच. जोड काही सांधला जात नव्हता, उलट जास्तीच्या उष्णतेने बाकीच्या जोडांचं आयुष्य कमी होत होतं. बोल्ट घट्ट केल्याने दाब वाढायचा आणि काही यंत्रं थोडा काळ चालायची. जास्त आवळले तर बोर्डच वाकायचा.

खरा इलाज हळूहळू कारखान्यातच झाला. ग्राफिक्सच्या हीटसिंकला उष्णता बाजूला नेणारी नळी आणि जादा पाती जोडली गेली. चिप ९० नॅनोमीटरवरून ६५ वर आली, आणि २०१० च्या नव्या बारीक मॉडेलमध्ये दोन्ही मुख्य चिपा ४५ नॅनोमीटरच्या एकाच चिपमध्ये सामावल्या. म्हणजे आधी मुळात उष्णता कमी केली आणि तिची वाट रुंद केली. पंखा ओरडून जे साधलं नाही, ते याने साधलं.

सुरुवात कुठून करायची?

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांचा नातू त्याचा जुना कन्सोल घेऊन आला. हातात जेल रोडवरून आणलेला नवा कोरा पंखा. म्हणाला, "दादा, मागे हा बसवून द्या ना. फार तापतो." मी म्हटलं, "बसवू. पण आधी उघडून तर बघू." उघडला, तर हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी धुळीचा असा थर जमला होता की चिमटीत धरून सबंध पट्टी निघाली, अगदी नमद्याच्या तुकड्यासारखी. आतला पंखा जीव तोडून हवा ढकलत होता आणि हवेला जायला जागाच नव्हती. बाहेर आणखी एक पंखा लावला असता तर त्यानेही त्याच भिंतीवर डोकं आपटलं असतं. सफाई केली, पेस्ट बदलली आणि कन्सोल जोडला. पहिली पंधरा मिनिटं त्याला वाटलं पंखा सुरूच झाला नाही. नवा पंखा खोक्यातच राहिला.

म्हणून माझा क्रम असा आहे.

पहिली पायरी जागेची. तिला एक पैसा लागत नाही. कन्सोल बंद कपाटातून बाहेर काढा, मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडा, खाली गालिचा नको, वर विणलेला रुमाल तर नकोच. आणि आपल्याकडची खास गोष्ट: कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, ओलीने धूळ पात्यांना चिकटून घट्ट बसते.

दुसरी पायरी धुळीची. प्लेस्टेशन ५ मध्ये बाजूचं आवरण काढलं की धूळ जमण्यासाठी मुद्दाम ठेवलेले दोन कप्पे दिसतात. तिथली छिद्रं व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेता येतात, आत जावंच लागत नाही. इतर कन्सोलमध्ये मऊ ब्रश आणि दिवाळीच्या सफाईचा ब्लोअर पुरतो. फक्त ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो वेडावाकडा जोरात फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

तिसरी पायरी पेस्टची. वर्षं गेली की पेस्ट सुकते, तिला भेगा पडतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसायची, नवी पातळ लावायची आणि हीटसिंकचे स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पण इथे एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्ट नसून द्रवरूप धातू आहे. तो उष्णता उत्तम वाहून नेतो, पण वीजही वाहून नेतो. एक थेंब बाजूच्या भागांवर गेला की शॉर्ट सर्किट. शिवाय त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरतं. सोनीने हा धातू वापरण्याची तयारी करायला दोन वर्षांहून जास्त काळ घेतला. आपण तो एका रविवारात उघडायला जाऊ नये.

चौथी पायरी पंख्याची. वरचं सगळं करूनही कमी पडलं तर १२० मिलिमीटरचा यूएसबीवर चालणारा पंखा कन्सोलच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवा. तो हवा बाहेर ओढेल अशाच दिशेने हवा, उलटा लागला तर दोन्ही पंखे एकमेकांशी भांडत बसतील. वीज त्याला वेगळ्या मोबाईल चार्जरवरून द्या, कन्सोलवरून नको. आतला मूळ पंखा बदलायचा असेल तर त्याच मॉडेलचाच आणा. काही कन्सोल पंख्याचा वेग सतत तपासत असतात. त्यांना वेग सांगणारी तार नसलेला पंखा लावला तर यंत्राला वाटतं पंखा बंद पडला.

आणि झाकणाला भोक? शक्यतो नको. आतली हवा कुठून येते, कशावरून जाते आणि कुठून बाहेर पडते हे आतल्या प्लास्टिकच्या आडोशांनी ठरवलेलं असतं. मध्येच वाट फोडली की हवा जवळचा रस्ता धरते आणि काही भाग कोरडे राहतात. याच कारणाने झाकण काढून ठेवलेला कन्सोल काही वेळा जास्त तापतो.

हात घालण्याआधी

प्लग काढल्यावर लगेच उघडू नका, थोडा वेळ जाऊ द्या. आतला वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीच उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जोरदार धक्का देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. वॉरंटी चालू असेल तर जागा आणि बाहेरची धूळ, एवढ्यावरच थांबा. उघडताना प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा आणि स्क्रू कागदावर क्रमाने चिकटवा. घरात लहान बहीणभाऊ असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. ते फार मन लावून करतात.

आपल्या घरांमध्ये वस्तू दुरुस्त करून वापरण्याची जुनी सवय आहे. रेडिओ असो की शिलाई मशीन, आजोबा आधी उघडून बघायचे. ती सवय मोडू नये असं मला मनापासून वाटतं. पाच-सहा वर्षांचा कन्सोल पंखा ओरडतो म्हणून भंगारात जातो, तेव्हा त्यातली चिप बहुधा ठणठणीत असते. अडलेली असते ती फक्त उष्णतेची वाट. ती कुठे अडली आहे हे शोधायला फार पैसे लागत नाहीत. एक ब्रश, योग्य स्क्रू ड्रायव्हर, पेस्टची छोटी नळी आणि एक मोकळी दुपार पुरते. मे महिना येण्याआधी ती काढा.