मंद प्रकाशातील छायाचित्रे व लहान कॅमेऱ्यांची पारख

आषाढात चिखलोली धरणावर ढग उतरले म्हणजे त्या बाजूच्या शाळांच्या खोल्यांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा दिवशी जुन्या जनरल रजिस्टरच्या पानांची छायाचित्रे घेण्याचा प्रसंग आला, तर खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. ही पाने म्हणजे मुलांच्या जन्मतारखेचा व जातीचा पुरावा होत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने राज्यभर जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळेच्या कपाटातील या पानांचे मोल सर्वांस कळून आले. छायाचित्रात १ चा ९ वाचला गेला किंवा आडनावावरील अनुस्वार नाहीसा झाला, तर त्याचा त्रास एखाद्या कुटुंबास भोगावा लागतो.

मंद प्रकाशातील चित्रावर जो रवाळपणा दिसतो त्यास छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी की, हा कॅमेऱ्यातील बिघाड होय. वस्तुतः त्याचे मुख्य कारण प्रकाशाची तूट हे आहे. उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. पावसाळी दिवशी खिडकीपासून दूरच्या भिंतीशी १०० लक्सही पुष्कळदा मिळत नाही.

हे मुलांस दाखविण्यास पावसासारखे साधन नाही. दहा कोरड्या पाट्या घ्याव्यात. प्रत्येकीवर सारखी २५ घरे आखून वर खडूची भुकटी फासावी व भुरभुर पावसात सर्व पाट्या एकदमच क्षणभर उघड्यावर धराव्यात. मग थेंब मोजावेत. एका घरात सरासरी ४ थेंब पडले असतील, तर कोठे २, कोठे ६, एखाद्या घरात एकही नाही, असे आढळेल. म्हणजे निम्म्याने चढउतार. परंतु एकेका पाटीवरील सर्व थेंबांची बेरीज केली, तर ती १०० च्या आसपास, बहुधा ९० ते ११० च्या दरम्यान येईल. येथे चढउतार दहा टक्क्यांवर आला. थेंबांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार, असा हा नियम आहे. प्रकाशही कणाकणांनी येतो व कॅमेऱ्यातील सेन्सरवरची सूक्ष्म घरे ते कण मोजतात. कण थोडे आले की शेजारशेजारच्या घरांतील मोजणी विषम होते. हीच विषमता चित्रात रवाळ दिसते.

आता आयएसओच्या आकड्याकडे वळू. यास प्रकाशसंवेदनशीलता असे नाव पडले आहे खरे, पण ते जरा फसवे आहे. १०० चा आकडा १६०० केला म्हणून सेन्सर अधिक कण पकडू लागत नाही. उलट कॅमेरा सोळाव्या हिश्श्याच्या प्रकाशावर काम भागवितो आणि मिळालेल्या मोजणीस सोळाने गुणून चित्र उजळ करतो. गुणताना चढउतारही गुणला जातो, आणि प्रकाशाच्या मानाने तो मुळीच चौपट झालेला असतो.

लहान कॅमेऱ्यांतील फरक मुख्यतः सेन्सरच्या क्षेत्रफळाने पडतो. साध्या कॅमेऱ्यातील सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर भरतो. (यातील कोणतीही बाजू, कर्णसुद्धा, एक इंच नाही, नाव तेवढे इंचाचे.) सोनीने २०१२ साली आरएक्स१०० या खिशातील कॅमेऱ्यात तो बसविला. चौपट क्षेत्रावर, छिद्राचा क्रमांक व शटरचा वेळ तोच असता, चौपट प्रकाश पडतो आणि रवाळपणा निम्मा होतो. मेगापिक्सेलचा आकडा येथे फारसा उपयोगी नाही, हे विक्रेत्याने काही सांगितले तरी विसरू नये.

तुलना करावयाची झाल्यास दोन्ही कॅमेरे एकाच टेबलावर, त्याच पानासमोर, तिवईवर ठेवावेत. तिवई नसल्यास पुस्तकांची चळत चालते. आयएसओ व छिद्र सारखे ठेवावे. शटरचा वेळही पडताळावा, कारण एका कंपनीचे ८०० दुसरीच्या ८०० शी तंतोतंत जुळेलच असे नाही. बोटाच्या धक्क्याने चित्र हलू नये म्हणून टायमर लावावा. १०० पासून दुप्पट करीत ३२०० पर्यंत जावे. चित्रे एकाच आकारात छापून पाहावीत व अंधाऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे.

येथे एक सापळा आहे. पुष्कळ कॅमेरे रवा आपण होऊन पुसतात. पुसणाऱ्यास बिंदू रव्याचा की अनुस्वाराचा, हे कळत नाही. म्हणून स्वच्छ दिसणारे चित्र चांगलेच असे समजू नये. ज्यात फिकट शाईची वेलांटी व अनुस्वार अधिक वाचता येतात, ते थोडे रवाळ असले तरी सरस मानावे. अंबरनाथच्या शिलालेखयुक्त शिवमंदिरात (शके ९८२, इ. स. १०६०) सहल नेली असता हेच दिसेल. सभामंडपातील अंधारात काळ्या पाषाणाचा मूळचा खरखरीतपणा कॅमेरा रवा समजून पुसतो आणि कोरीव मूर्ती मेणाच्या भासतात. तेथे तिवई लावावयाची झाल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते.

रजिस्टरचे पान हलत नाही, ही मोठी सोय आहे. जे चित्र १६०० वर १/३० सेकंदात येते, ते १०० वर सुमारे अर्ध्या सेकंदात येईल. कॅमेरा स्थिर असला की झाले. त्याहूनही सोपे म्हणजे टेबल दाराशी आणून, पाऊस आत येत नाही असे पाहून, समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करणे. फ्लॅश वापरू नये. कागद चकाकतो व अक्षर हरवते. कवायतीची वा खेळांची गोष्ट निराळी. धावणारे मूल अर्ध्या सेकंदात पुसट होईल. तेथे १/२५० सेकंद व त्यासाठी लागेल तेवढा आयएसओ खुशाल घ्यावा. चेहरा ओळखू येणारे रवाळ चित्र हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे.

शाळेत आता कॅमेऱ्याऐवजी मोबाइल असेल, तर त्यासही हाच हिशेब लागू आहे. मात्र तो अनेक चित्रे एकत्र करून एक बनवीत असल्यामुळे जन्मतारखेचे आकडे व आडनाव मूळ पानाशी ताडून पाहावे, आणि हे काम रजिस्टर कपाटात परत ठेवण्यापूर्वी करावे.