एक किलो चरबीचा हिशेब

मुंबईतल्या लालबाग-परळच्या चाळीत मोरीच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप असतं. ते शंभर लिटरचं धरू आणि नळाचं पाणी २७ अंशांवर. हे पिंप उकळीला आणायला ७,३०० किलोकॅलरी लागतात. माणसाच्या अंगावरच्या एक किलो चरबीत त्याहून थोड्या जास्तच, सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती हीच, एक लिटर पाणी एक अंशाने तापवणारी. म्हणजे एक किलो चरबी उतरवायची तर भरलेलं पिंप उकळण्याइतकी ऊर्जा शरीराला खर्चावी लागते. म्हणूनच ‘आठवड्यात पाच किलो’ अशी जाहिरात दिसली की आधी गुणाकार करावा: ३८,५०० कॅलरी, रोजच्या ५,५००. बैठं काम करणारा माणूस दिवसभरात याच्या निम्म्याही जाळत नाही. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो तो बराचसा पाण्यामुळे.

आता हीच ऊर्जा जिन्यावर मोजू. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून बीडीडी चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. तिसऱ्या मजल्यापर्यंतची चढण दहा मीटर धरू. ८० किलोच्या माणसाला ती एकदा चढायला साधारण साडेसात कॅलरी लागतात. त्याने सगळ्याच्या सगळ्या २०७ इमारती चढल्या तरी उतरते जेमतेम २०० ग्रॅम चरबी. किलोभर उतरवायला अशा पाच फेऱ्या हव्यात. एकूण चढण दहा किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा उंच.

चालण्याचं गणितही असंच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केल्याचं सांगितलं जातं तो वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. तो चालून जिरवायचा तर ८० किलोच्या माणसाने चर्नी रोडहून दादरपर्यंत, सुमारे आठ किलोमीटर, पायी यायला हवं. वडापाव संपतो पाच मिनिटांत, ही चाल दीड-दोन तासांची.

आणि जळलेली चरबी जाते कुठे? घामावाटे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात एक किलो चरबी पूर्ण जळायला २.९ किलो प्राणवायू लागतो आणि त्यातून २.८ किलो कार्बन डायऑक्साइड व १.१ किलो पाणी तयार होतं. चरबीच्या मूळ वजनापैकी ८४ टक्के भाग श्वासावाटे बाहेर पडतो. तेव्हा नुसतं घामाघूम झाल्याने चरबी उतरली असं होत नाही.

गिरणगावात हे सगळं विशेष महत्त्वाचं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामाला रोज २,११० कॅलरी पुरतात, मध्यम श्रमाच्या कामाला २,७१० लागतात. कापडगिरणीच्या साचेखात्यात आठ तास उभा राहणारा विणकर या दुसऱ्या गटातला होता. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे भोंगे बंद झाले आणि लोअर परळच्या त्याच जागांवर कचेऱ्या आल्या. काम बसून झालं, ताट मात्र अनेक घरांत तेच राहिलं. फरक रोजच्या ६०० कॅलरींचा, वर्षाचा २,१९,०००. चरबीत मांडला तर २८ किलो.

भूक आपोआप कमी होत नाही का? पोषणशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या २१३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगमेहनत करणाऱ्यांत खाणं श्रमाच्या प्रमाणात होतं. दिवसभर बसून राहणाऱ्यांत तो मेळ तुटला होता: खाणं कमी नव्हतं आणि वजन जास्त होतं. हालचाल फार घटली की पोट खरा निरोप देत नाही. म्हणून कागद-पेन्सिल हवी.

समजा, गिरगावातलं एक जोडपं आहे. ते ४० वर्षांचे, ८० किलो, १६८ सेंटिमीटर. त्या ४५ वर्षांच्या, ६८ किलो, १५५ सेंटिमीटर. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २८.३. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात, कारण त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

१९९० च्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने हिशेब करू. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५; पुरुषाला ५ मिळवा, बाईला १६१ वजा करा. या जोडप्यातल्या पतीचे येतात १,६५५, पत्नीचे १,२६३. हा झाला नुसतं पडून राहण्याचा खर्च. बैठ्या दिनक्रमासाठी १.४ ने गुणलं की रोजची गरज २,३१७ आणि १,७६८. रोज पाचशे कॅलरी कमी खायच्या ठरवल्या तर ती तूट पतीला झेपेल, पत्नीला फक्त १,२६८ उरतील आणि त्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम बसवणं कठीण. एकाच घरात दोघांचं डाएट एकच ठेवणं बाईवर अन्याय करणारं आहे.

दिलासा पुढेच आहे. रोजचे ५०० कमी केले तर वर्षात २४ किलो जावेत, असं सरळ भागाकार सांगतो. तसं घडत नाही, कारण वजन घटतं तसा शरीराचा खर्चही घटतो. संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेला आडाखा असा: रोजचं खाणं कायमचं २४ कॅलरींनी कमी करा, शेवटी एक किलो जातो, निम्मी घट पहिल्या वर्षात, जवळपास सगळी तीन वर्षांत. आता त्या जोडप्याकडे परत या. बीएमआय २३ ला यायला पतीला १५ किलो उतरवायचे आहेत: रोजचे ३६०. पत्नीला साडेबारा: रोजचे ३००. यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

हे ३०० मिळतात कुठे? एक चमचा तेल ४५ कॅलरी, एक चमचा साखर २०. चार चहांत दोनऐवजी एकच चमचा साखर, ८० वाचले. भाजी-आमटीतलं दोन चमचे तेल, ९०. उरलेले १३० म्हणजे अर्ध्या वडापावहूनही कमी. चमच्याची ताकद पाहायची असेल तर डबेवाल्यांकडे पाहा. करोनापूर्वी ते रोज सुमारे दोन लाख डबे पोचवत. प्रत्येक डब्यात एक चमचा तेल कमी पडलं असतं तर रोज एक टन तेल वाचलं असतं, ९० लाख कॅलरी.

तेव्हा आजच आपला आकडा काढा, त्यातून तीनशे-साडेतीनशे वजा करा आणि तीन वर्षांची मुदत द्या. आठवड्याला अर्ध्या किलोहून वेगाने उतरण्याचा हट्ट धरू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घास कमी करू नका.