यांत्रिक नोंद आणि तिचे जादा रकाने

ग्रंथाचे नाव लिहिले, दोन ओळींचा परिचय दिला, तारीख घातली, की नोंद पुरी झाली असा सर्वसाधारण समज असतो. ग्रंथपालाचा अनुभव निराळा आहे. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, देणगी कोणाची, दाखल क्रमांक कोणता, हे ज्या रकान्यांतून कळते ते रकाने कोरे राहिले, तर मोठा संग्रह ही नुसती रास होय. बेळगाव किंवा इंदूर येथील एखाद्या जुन्या ग्रंथालयाने आपली दाखल-नोंदवही ‘वर्डप्रेस’ या आज्ञावलीवर चालणाऱ्या संकेतस्थळावर उतरविण्याचे ठरविले, असे समजू. हजारो नोंदी हाताने कोण भरणार? ते काम संगणकाकडून करवून घ्यावे लागते. आणि खरी अडचण या जादा रकान्यांपाशीच येते.

वर्डप्रेस ही आज्ञावली २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका आधीच्या आज्ञावलीच्या आधारे सिद्ध केली. तिचा मूळ हेतू लेख प्रसिद्ध करणे हा. त्यामुळे तिच्या मुख्य तक्त्याला शीर्षक, मजकूर, लेखक, तारीख एवढेच ठाऊक. कपाटाचा क्रमांक ठाऊक नाही. अशा माहितीसाठी ‘पोस्टमेटा’ नावाचा दुसरा तक्ता आहे. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक चिठ्ठीच: तिच्यावर चिठ्ठीचा स्वतःचा क्रमांक, ती ज्या नोंदीची आहे त्या नोंदीचा क्रमांक, रकान्याचे नाव आणि त्यातील मूल्य. मुख्य नोंदवहीला कात्री न लावता एका नोंदीला हव्या तितक्या चिठ्ठ्या टाचता येतात, ही या योजनेची मोठी सोय.

परंतु नोंदीला क्रमांक मिळाल्यावाचून चिठ्ठी टाचणार कोठे? म्हणून आधी ‘डब्ल्यूपी इन्सर्ट पोस्ट’ या आज्ञेने नोंद करावयाची, तिने परत दिलेला क्रमांक घ्यावयाचा आणि मग ‘अ‍ॅड पोस्ट मेटा’ने एकेक रकाना जोडावयाचा, अशी जुनी रीत आहे. नोंद झाली नाही तर क्रमांकाऐवजी शून्य परत येते. ते तपासले नाही तर पुढची चिठ्ठी लिहिलीच जात नाही, आणि त्याची तक्रारही कोणी करीत नाही.

याहून फसवा दोष वेळेचा आहे. नोंद जतन होताच वर्डप्रेस तशी दवंडी पिटते. शोधसूची तयार करणारी एखादी पूरक आज्ञावली ती ऐकून तत्काळ कामाला लागते. पण चिठ्ठ्या त्या वेळी टाचलेल्याच नसतात. ग्रंथपालाने नोंद उघडून पाहावी तो सारे रकाने भरलेले, आणि देणगीदाराच्या नावाने शोधणाऱ्या वाचकाला मात्र काहीच सापडत नाही! डिसेंबर २०१५ मधील ४.४ या आवृत्तीपासून यावर उपाय आहे. ‘मेटा इनपुट’ या नावाखाली सारे रकाने मूळ आज्ञेबरोबरच द्यावेत. मग ते दवंडीच्या आधी लिहिले जातात. नव्या कामाला हीच रीत पत्करावी, जुनीच्या वाटेस जाण्याचे सहसा कारण नाही.

काम चालू असता वीज गेली आणि तीच आज्ञा पुन्हा पहिल्यापासून चालविली, तर आधी झालेल्या नोंदी दुसऱ्यांदा होतील. यासाठी दाखल क्रमांक हाही एक रकाना करावा, आणि नवी नोंद करण्यापूर्वी तो क्रमांक आधीपासून आहे काय हे पाहावे. असल्यास त्याच नोंदीत ‘अपडेट पोस्ट मेटा’ने मूल्य बदलावे. ‘अ‍ॅड’ने त्याच नावाची दुसरी चिठ्ठी जोडली जाते. अर्थात एका पुस्तकाचे देणगीदार दोघे असतील, तर तेच हवे असते!

मराठी ग्रंथालयांना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. चिठ्ठीवरील मूल्य संख्या असले तरी साठविले जाते ते अक्षरांसारखे; म्हणून साधा क्रम लावला तर १ नंतर १०, मग ११ आणि त्यानंतर कोठे २ येतो. संख्येप्रमाणे क्रम लावण्याची सोय आहे, पण तो लावणाऱ्या ‘मायएसक्यूएल’ या माहितीकोशाला देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत. तो त्या सर्वांना शून्य मानतो. तेव्हा नोंदवहीतील देवनागरी क्रमांक साठविताना इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत आणि वाचकाला दाखविताना पुन्हा देवनागरीत आणावेत. हे रूपांतर दोन ओळींच्या आज्ञेने होते, मात्र ते पहिल्या नोंदीपूर्वी व्हावयास हवे.